खेळकर ऑल-माउंटन स्की कशी निवडावी आणि बाइंडिंग नेमकं कुठे बसवावं

स्की घेताना बहुतेकांचा वेळ कंबरेची (पायाखालच्या सर्वात अरुंद भागाची) रुंदी आणि टॉपशीटवरचं, म्हणजे वरच्या पृष्ठभागावरचं, चित्र पाहण्यात जातो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, कुठे बसवायचं, हे पैसे भरून झाल्यावर दुकानातला तंत्रज्ञ विचारतो. "कंपनीच्या रेषेवर", म्हणजे कंपनीने स्कीवर छापलेल्या खुणेवर, एवढं उत्तर दिलं की विषय संपतो. खेळकर स्कीच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. माउंट पॉइंट, म्हणजे बाइंडिंग बसवायची जागा, हा त्या स्कीच्या स्वभावाचाच भाग असतो. रुंदी, लांबी आणि वजन अगदी सारखं असलेल्या दोन स्की घेतल्या आणि एकीची रेषा मध्यापासून ५ सेंमी मागे, तर दुसरीची १० सेंमी मागे असली, तर त्या बर्फावर एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नाहीत. म्हणून हा आकडा खरेदीच्या आधी पाहायचा.

खेळकर म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. घेतलेलं वळण मध्येच मोडता येतं, हवं तेव्हा स्की आडवी घसरवता येते, कडेच्या लहान उंचवट्यावरून उडी घेता येते, पाठ उताराकडे करून उलटंही चालवता येतं, आणि एवढं करून सकाळच्या कडक, ग्रूम केलेल्या (यंत्राने दाबून सपाट केलेल्या) उतारावर ती धार धरते. या स्कीत दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. १९९८ च्या सुमारास आलेल्या सॉलोमन टेनएटीसारख्या ट्विन-टिप स्कीमुळे दोन्ही टोकं वर वळलेली स्की बाजारात रुजली. २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत स्कीअर शेन मॅकॉन्कीच्या व्होलांट स्पॅट्युलाने उलट्या कॅम्बरची (मध्य खाली आणि टोकं वर अशा आकाराची) वाट उघडली. आजची खेळकर ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी, स्की या दोन्हींकडून थोडं थोडं घेते.

कुठल्या बर्फावर चालवणार?

आपण बहुतेक दिवस जिथे स्कीइंग करतो, त्या बर्फावरून रुंदी ठरते. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीवरून ती ठरवू नये. बॉस्टन किंवा न्यू जर्सीत राहून व्हर्माँटला जाणाऱ्यांना बरेच दिवस कडक, बर्फाळ उतार मिळतात. त्यांना ८८ ते ९६ मिमी कंबर पुरते. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीच्या आसपास बर्फ कोरडा आणि हलका पडतो, पण दोन हिमवर्षावांच्या मधले दिवस टणकच जातात. तिथे ९६ ते १०४ हा खरा मध्य. बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) टाहोला किंवा सिएटलहून कॅस्केड पर्वतात जाणाऱ्यांना जड, ओला बर्फ लागतो. तिथे १०० ते १०८ मिमी आणि थोडी जास्त वजनदार स्की चांगली, कारण हलकी स्की अशा बर्फात धक्के खाऊन भरकटते.

पुण्या-मुंबईहून फेब्रुवारीत गुलमर्गला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. गंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ४,००० मीटरच्या उंचीला पोचवतो आणि तिथून खाली उतरणारा बराचसा भाग ग्रूम केलेला नसतो. खोल बर्फासाठी १०५ ते ११५ मिमी रुंदी तिथे उपयोगी पडते. पण खालच्या सोप्या उतारांवर शिकायलाच जाणार असाल, तर अशी स्की विकत घेऊ नका. भाड्याची अरुंद, मऊ स्की धार कशी धरायची ते लवकर शिकवते.

लांबी, वजन आणि हाताने करायची तपासणी

खेळकर स्कीची दोन्ही टोकं वर उचललेली असतात, त्यामुळे छापील लांबीतली सगळी धार कडक बर्फाला टेकत नाही. म्हणून ती सपाट शेपटीच्या (मागच्या टोकाच्या) जुन्या स्कीपेक्षा ३ ते ५ सेंमी लांब घ्यावी. लांबी ठरवताना उंचीपेक्षा शरीराचं वजन आणि वेग यांना जास्त मान द्या. ७५ किलो वजनाच्या, लाल किंवा काळ्या खुणेचे (अवघड) उतार आरामात उतरणाऱ्या माणसाला १८० ते १८४ ठीक बसतं. ६० किलोच्या आसपास वजन असेल तर १७० ते १७५. दोन लांब्यांच्या मध्ये अडकलात आणि स्कीची रेषा मध्याच्या जवळ असली, तर लांब घ्या. रेषा पुढे असली की बुटापुढे उरणारा भाग आधीच आखूड असतो.

१८० च्या आसपासच्या लांबीला एका स्कीचं वजन १,७०० ते २,१०० ग्रॅम असावं. त्याहून हलकी असली तर उडी सोपी जाते, पण दुपारच्या खणलेल्या बर्फात पायाला सुख नाही. २,२०० च्या वर गेलं की स्थैर्य मिळतं आणि खेळ कमी होतो. संपूर्ण लांबीला टायटॅनलचे (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे) दोन पत्रे असलेली स्की कंपनं छान गिळते, पण शेपटीवर दाब देऊन उसळी घ्यायची तर ती हट्टी वाटते. पायाखालीच किंवा अर्धवट पत्रा असलेली रचना ही चांगली तडजोड आहे.

आता दुकानातच करायची तपासणी. दोन्ही स्कींचे बेस (खालचे पृष्ठभाग) एकमेकांना लावून त्या उभ्या धरा. मधे २ ते ४ मिमीची फट दिसते, तो कॅम्बर. बाइंडिंगच्या जागी दोन्ही हातांनी दाबून फट मिटवा आणि टोकांकडे पाहा. बेस जिथे एकमेकांपासून सुटायला लागतात तिथे रॉकर, म्हणजे टोकाकडचा वर उचललेला भाग, सुरू होतो. पुढून २५ ते ३५ सेंमी आणि मागून १५ ते २५ सेंमी रॉकर असला, तर धार आणि मोकळेपणा दोन्ही मिळतात. पुढचा रॉकर ४० सेंमीच्या पुढे गेला, तर कडक उतारावर ती स्की छापील लांबीपेक्षा बरीच आखूड वागेल, हे धरून चाला.

मग शेपटी जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या तळव्याने मधला भाग पुढे ढकला. टोक सहज वाकलं पाहिजे, पायाखालचा भाग घट्ट राहिला पाहिजे. शेपटी टोकापेक्षा किंचित कडक असावी. शेपटी लोण्यासारखी मऊ असलेली स्की दुकानात फार मोहक वाटते. पण उडीनंतर वजन जरा मागे गेलं की ती वाकून निसटते आणि माणूस पाठीवर आपटतो. साइडकटची, म्हणजे कडेच्या आतल्या वळणाची, त्रिज्या १६ ते १९ मीटर असावी. त्यापेक्षा कमी असली तर स्की स्वतःच वळायला बघते, आणि आडवं घसरवताना तेच नडतं.

नावंच हवी असतील तर अ‍ॅटॉमिक बेंट १००, अर्मडा एआरव्ही १००, के२ रेकनर १०२ आणि मोमेंट डेथविश या खेळाकडे झुकलेल्या. ब्लिझर्ड रस्टलर १० आणि नॉर्डिका अनलीश्ड ९८ थोड्या भारदस्त, पण मोकळ्या. नॉर्डिका एन्फोर्सर किंवा फोल्कल मंत्रा उत्तम स्की आहेत, फक्त त्या या लेखाच्या विषयात बसत नाहीत. त्या दिशादर्शी आहेत, पुढे वजन टाकून वेगाने कापत जाणाऱ्यांच्या. दर दोन-तीन वर्षांनी तेच नाव ठेवून रचना बदलली जाते. त्यामुळे जुन्या सालाची परीक्षणं वाचून नव्या सालाची स्की घेऊ नका.

खरा मध्य मोजणं

माउंट पॉइंट म्हणजे स्कीवरची ती जागा, जिथे बुटाच्या तळव्याच्या मध्याची खूण येते. ती खूण बुटाच्या बाजूला, सोलच्या जरा वर, एका लहान रेषेच्या रूपात कोरलेली असते. तुलनेसाठी हा बिंदू स्कीच्या खऱ्या मध्यापासून मोजतात आणि तो मागे असेल तर उणे लिहितात. ढोबळमानाने पार्कच्या (उड्या आणि गिरक्यांसाठी बनवलेल्या जागेच्या) स्की ० ते उणे ३, खेळकर ऑल-माउंटन उणे ४ ते उणे ६, सर्वसाधारण ऑल-माउंटन उणे ७ ते उणे १० आणि दिशादर्शी स्की त्याहूनही मागे.

छापील लांबीवर भरवसा ठेवू नका. काही कंपन्या स्कीला दाबून वळण देण्याआधीची, सपाट असतानाची लांबी छापतात, काही वळण दिल्यानंतरची. स्वतः मोजायचं ते असं. टेपचा हूक शेपटीच्या टोकाला अडकवा आणि टेप ताणून सरळ पुढच्या टोकापर्यंत न्या. टेप बेसच्या वळणावरून न्यायची नाही. समजा १७८.६ सेंमी आलं. त्याचं अर्धं ८९.३. टेप न हलवता सुतारी गुण्या उभा धरून ८९.३ ची जागा टॉपशीटवर उतरवा. हा खरा मध्य. आता त्याच टेपवर, गुण्या लावूनच, कंपनीची रेषा शेपटीपासून किती येते ते पाहा. ८४.३ आलं तर ही स्की उणे ५ ची.

हे दोन्ही स्कींवर करा. छापील रेषा कधी कधी दोन्ही स्कींवर काही मिलिमीटरनी मागे-पुढे असते. एक पाय दुसऱ्यापेक्षा ४ मिमी पुढे ठेवून वर्षभर स्कीइंग करण्यापेक्षा पाच मिनिटं मोजमाप बरं. फरक निघाला तर एक स्की प्रमाण माना आणि दुसरीवर शेपटीपासून तेवढंच अंतर मोजून नवी रेषा आखा. काही कंपन्या दोन-तीन रेषा छापतात. सर्वात पुढची साधारणपणे पार्ककडे झुकलेल्यांसाठी असते. इंटरनेटवर कुणी "मी अधिक १ वर बसवलं" असं लिहिलं असेल, तर ते कुठल्या रेषेपासून हे आधी बघा. कंपनीच्या रेषेपासून अधिक १ आणि खऱ्या मध्यापासून अधिक १ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढे-मागे केल्याने काय होतं

बैलगाडीत माल फार मागे भरला तर गाडी उलाळ होते, फार पुढे भरला तर जू बैलांच्या मानेवर बसतं. स्कीवरही वजन कुठे येतं यावरच सगळा तोल असतो. फरक एवढाच की इथे माल हलवता येतो तो सेंटीमीटरच्या हिशेबाने.

बूट मध्याच्या जवळ गेला की पुढे आणि मागे उरणारा स्कीचा भाग समान व्हायला लागतो. हवेत गिरकी घेणं सोपं जातं, उलटं चालवताना मागचा भाग आधार देतो, अरुंद जागेत स्की पायाखालीच फिरते. किंमतही त्याच वेळी मोजावी लागते. पुढचा भाग आखूड झाल्याने खोल बर्फात टोक खाली घुसतं. बुटाच्या जिभेवर जोरात भार टाकून स्की चालवणाऱ्याला पुढे आधारच सापडत नाही. बंप्समध्ये (उतारावरच्या बर्फाच्या ढिगांत) लांब शेपटी मागच्या ढिगावर अडकते. मागे नेलं की याच्या उलट होतं. टोक तरंगतं, वेगात स्थैर्य येतं, पण वळण सुरू व्हायला वेळ लागतो आणि शेपटीवरून उसळी घ्यायला मागे काही उरत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. साइडकटचा सर्वात अरुंद भाग, कॅम्बरचा माथा आणि पायाखालचा कडकपणा हे तिन्ही डिझायनरने एका माउंट पॉइंटला धरून ठरवलेले असतात. रेषेपासून १ सेंमी हललात तर चालण्यात फरक कळेल, स्की बिघडणार नाही. ३ सेंमी हललात तर बूट साइडकटच्या भलत्याच भागावर येतो, आणि धार लावली की स्की वळणाच्या सुरुवातीलाच घट्ट पकडते किंवा शेवटी सोडतच नाही. म्हणून उणे १० च्या दिशादर्शी स्कीवर बाइंडिंग ४ सेंमी पुढे बसवून तिला खेळकर करण्याचा बेत आखू नका. त्यापेक्षा उणे ५ ची स्की घ्या.

तुमची जागा

सुरुवात नेहमी कंपनीच्या रेषेवरून. तिथून हलायला ठोस कारण हवं.

वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस पार्कमध्ये, उलटं चालवण्यात आणि गिरक्यांत जात असतील, तर अर्धा ते दीड सेंमी पुढे. बहुतेक दिवस गुडघाभर बर्फात जात असतील किंवा शिकवणीत पुढे भार टाकायला शिकून तुमची ढब तशीच पक्की झाली असेल, तर अर्धा ते एक सेंमी मागे. बाकी सगळ्यांनी रेषेवरच. आमच्या मते, ज्यांना हा निर्णय घेता येत नाही त्यांच्यासाठी तेच बरोबर उत्तर आहे.

बुटाचा आकारही हिशेबात घ्यायचा. माउंट पॉइंट तळव्याच्या मध्याशी जुळतो, पण तोल सांभाळतो तो चवडा. पाय लहान असला, म्हणजे सोलची लांबी २७५ मिमीच्या आसपास, तर चवडा मध्यखुणेच्या जवळ, म्हणजे सरासरी माणसापेक्षा मागे पडतो. अशांनी अर्धा सेंमी पुढे जाऊन बघावं. ३३५ मिमीच्या पुढच्या बुटात उलट होतं, तिथे अर्धा सेंमी मागे. सोलची लांबी टाचेच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मोंडो आकडा (बुटाचा सेंटीमीटरमधला आकार) आणि ही लांबी वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

दिशादर्शी स्कीवरून पहिल्यांदा उणे ५ च्या स्कीवर येणाऱ्याला पहिल्या दिवशी हमखास वाटतं की पुढचं टोक कुठेतरी हरवलंय. लगेच ड्रिल काढू नका. घोट्यात वाकून, कंबर पायांच्या वर ठेवून मध्यावर उभं राहण्याची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

शक्य असेल तर डेमो बाइंडिंग लावून बघा. त्याचे टोकाचे (बोटांकडचे) आणि टाचेचे भाग पट्टीवर सरकतात. एकाच उतारावर, एकाच दिवशी, आधी रेषेवर, मग अधिक १, मग उणे १ अशा दोन-दोन फेऱ्या मारा. दोन्ही भाग सारख्याच अंतराने सरकवा आणि दरवेळी फॉरवर्ड प्रेशर (टाचेचा भाग बुटाला पुढे दाबतो तो दाब) पुन्हा तपासा. या वेळी धारा आणि वॅक्स तसेच राहू द्या, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

बाइंडिंग कोणतं

तुमचा रिलीज आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बूट सुटेल ते ठरवणारा आकडा, बाइंडिंगच्या पल्ल्याच्या मधल्या भागात यायला हवा. ७ वर चालवणाऱ्याने ६ ते १५ चं लुक पिव्होट १५ घेण्यापेक्षा ४ ते १३ चं मार्कर ग्रिफन किंवा ४ ते १४ चं टायरोलिया अ‍ॅटॅक १४ घ्यावं. पिव्होटची फिरती टाच स्कीवर कमी लांबीत बसते, म्हणून स्की मोकळी वाकते. खेळकर स्कीवाल्यांना ते आवडतं त्याचं मोठं कारण हेच. पण टाच पुढे-मागे करण्याचा पल्ला त्यात थोडा असतो. पुढे वेगळ्या लांबीच्या सोलचा बूट घेतला तर पुन्हा भोकं पाडावी लागू शकतात.

बुटाचा सोल कुठल्या मानकाचा आहे ते बघा. आयएसओ ५३५५ म्हणजे जुना सपाट अल्पाइन सोल, आयएसओ २३२२३ म्हणजे ग्रिपवॉक (चालायला सोपा सोल), आयएसओ ९५२३ म्हणजे टूरिंग (स्कीवर डोंगर चढण्यासाठीचा) सोल. ग्रिपवॉक बूट फक्त ५३५५ साठी बनवलेल्या जुन्या बाइंडिंगमध्ये टिचकी वाजून बसतो, पण तो सुटेलच याची खात्री नसते. ब्रेक कंबरेइतके किंवा कंबरेपेक्षा १५ मिमीपर्यंत रुंद हवेत. १०० मिमीच्या स्कीवर ९० चे ब्रेक वाकवून बसवण्याचा उद्योग करू नका, ते कडेला घासतात आणि बंद होताना अडकतात.

टाचेची आणि बोटांची उंची यांतला फरकही बघा. अल्पाइन बाइंडिंगमध्ये तो साधारण ० ते ६ मिमी असतो, पिन बाइंडिंगमध्ये (बुटाला पिनांनी धरणाऱ्या टूरिंग बाइंडिंगमध्ये) १० मिमीच्या वरही जातो. टाच जास्त उंच असली की माणूस पुढे ढकलला जातो आणि तोल राखायला गुडघे वाकवून मागे बसतो. मांड्या जळतात आणि दोष मात्र माउंट पॉइंटला दिला जातो.

भोकं पाडण्याचं काम

दुकानात हे काम जिगवर (भोकांची जागा ठरवून देणाऱ्या साच्यावर) होतं. तिथे करून घेणं सगळ्यात सुरक्षित, विशेषतः रिलीज तपासणीचं यंत्र तिथेच असतं म्हणून. फक्त सांगताना अंतर आकड्यांत लिहून द्या: "कंपनीच्या रेषेपासून ५ मिमी पुढे, शेपटीपासून ८४.८ सेंमी." दुसरा आकडा दिला की गैरसमजाला जागा राहत नाही.

घरी करणार असाल तर साहित्य नीट जमवा. पायऱ्या असलेला स्की ड्रिल बिट लागतो, जो ठरावीक खोलीवर आपोआप थांबतो. धातूचा पत्रा नसलेल्या स्कीला साधारण ३.६ × ९ मिमी, पत्रा असलेल्या स्कीला ४.१ × ९ मिमी. नेमका आकडा बहुतेक वेळा टॉपशीटवर बाइंडिंगच्या जागी बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो अंतिम माना. साधा बिट आणि त्याला गुंडाळलेली टेप यांवर विसंबणाऱ्यांच्या स्कीच्या बेसमधून बिट बाहेर आलेला असतो. बाकी सामान म्हणजे पोझिड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर, धातू असेल तर १२एबी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), सेंटर पंच, मास्किंग टेप, व्हर्निअर कॅलिपर आणि पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पोझिड्राइव्हच्या खाचा खातो.

भोकांच्या जागा दाखवणारं कागदी टेम्प्लेट छापत असाल तर छपाई १०० टक्के आकारातच करा. कागदावरची मोजपट्टी कॅलिपरने तपासा. १०० मिमीची रेषा ९७ भरली तर तो कागद टाकून द्या. टेम्प्लेट तुमच्याच बाइंडिंगच्या पिढीचं असावं, नाव तेच असूनही भोकांची मांडणी बदललेली असू शकते.

स्कीवर मास्किंग टेप लावा. बाइंडिंगच्या भागात तीन ठिकाणी रुंदी मोजून मध्य काढा आणि तीन बिंदू जोडून मधली रेषा आखा. बिंदू एका सरळ रेषेत आले नाहीत तर मोजमाप चुकलंय, स्की नाही. मग माउंट पॉइंटची आडवी रेषा गुण्याने आखा. टेम्प्लेट दोन्ही रेषांवर जुळवून, सोलची लांबी लावून चिकटवा. बाइंडिंग आणि बूट वर ठेवून एकदा नजरेनं खात्री करा. टोकाचा भाग उलटा लावण्याचे किस्से वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात.

प्रत्येक भोकाच्या मध्यावर पंच मारा. पंचाची खूण मध्यावर आली नसेल तर तिथेच तिरकस पंच मारून ती हलवा, ड्रिल लावल्यावर ती सुधारता येत नाही. ड्रिल उभं धरा आणि बिट थांबेपर्यंत जा. भोकाची कड किंचित तिरकी करा, म्हणजे स्क्रू फिरवताना टॉपशीट फुगून वर येणार नाही. भुसा झटकून, स्की उलटी करून हलकेच ठोकून बाहेर काढा. धातूचा पत्रा असेल तर टॅप फिरवा. तो वगळला तर स्क्रू पत्रा वर उचलतो आणि बाइंडिंग घट्ट बसल्यासारखं भासतं, पण खाली फट राहते.

भोकात गोंदाचे दोन-तीन थेंब सोडा. तो पाणी आत शिरू देत नाही आणि स्क्रूला वंगणही मिळतं. स्क्रू आधी उलटा थोडा फिरवून आटे जुळवा, मग आत न्या. टोकाच्या आणि टाचेच्या भागांचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, एकमेकांत मिसळू नका. सगळे हलके बसवून मग समोरासमोरचे क्रमाने आवळा, शेवटी ४ न्यूटन-मीटरच्या आसपास. पॉवर ड्रिलने आवळू नका, आटे लाकडातून उखडले तर त्या भोकाचा आधार गेला. स्क्रू नुसता फिरत राहिला तर बाहेर काढा, एपॉक्सी भरून पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा भोक पाडा. तरी धरलं नाही तर धातूचा इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवून घ्यावा.

जुनी भोकं असलेल्या स्कीवर नवं भोक जुन्याच्या मध्यापासून किमान १ सेंमी दूर हवं. गंमत अशी, की लोकांना हलवायचं असतं नेमकं तेवढंच, १ सेंमीच्या आत-बाहेर. म्हणून टेम्प्लेट ठेवून आधी टक्कर कुठे होते ते बघा. जुनी भोकं प्लॅस्टिकच्या प्लगने आणि गोंदाने बंद करा, नुसती सिलिकॉनने नाही.

बसवल्यावरची जुळवणी

बूट आत घालून टाच बंद केल्यावर फॉरवर्ड प्रेशर तपासा. प्रत्येक बाइंडिंगवर त्याची खूण वेगळी असते. मार्करमध्ये स्क्रूचं डोकं घराच्या पातळीला यावं लागतं, इतरांत दर्शक खाचेच्या आत असावा लागतो. प्रेशर कमी असेल तर स्की वाकली की बूट अकारण सुटतो. जास्त असेल तर वेळेवर सुटत नाही. बोटांकडच्या भागाची उंची बदलता येणारं बाइंडिंग असेल, तर सोल आणि सरकपट्टी यांमधलं अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे लावा.

रिलीज आकडा वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीअरचा प्रकार यांवरून कोष्टकातून येतो. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर कोष्टकात एक ओळ वर सरकावं लागतं, म्हणजे आकडा कमी होतो. मित्र ९ वर चालवतो म्हणून ९ लावणं ही गुडघ्याशी केलेली पैज आहे. दुकानातल्या टॉर्क यंत्रावर दोन्ही स्की तपासून घ्या. जुनी बाइंडिंगं घेणार असाल तर तंत्रज्ञ त्यांना हात लावेल का, हे आधी विचारा. कंपनीने ज्यांची जबाबदारी सोडली आहे अशा मॉडेलवर बरीच दुकानं काम करत नाहीत.

बर्फावर काही बिनसलं तर

शेपटी सोडत नसेल तर पहिला संशय धारेवर घ्या. कारखान्यातून येणाऱ्या स्कीच्या धारा टोकापर्यंत तीक्ष्ण असतात. रॉकर जिथे जमिनीपासून उचलला जातो तिथून टोकाकडे १०-१५ सेंमी आणि शेपटीकडे तेवढंच रबरी दगडाने बोथट करा. बेसच्या धारेला १ अंश आणि बाजूला २ अंश हा खेळकर स्कीसाठी चांगला आरंभ आहे. बेसवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहा. धारा उंच आणि मध्य खोल दिसला तर स्की रुळावर चालल्यासारखी वागणारच, ती घासून सपाट करून घ्या. पुढे आलेल्या बाइंडिंगच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

धार ठीक असूनही बंप्समध्ये शेपटी अडकते आणि वळण बंद होत नाही, तर १ सेंमी मागे. ग्रूम केलेल्या उतारावर टोक धरत नाही, वळण उशिरा सुरू होतं, तर आधी बेसचा कोन जास्त तर नाही ना ते पाहा, मगच पुढे. खोल बर्फात टोक बुडतं पण कडक उतारावर सगळं सुरळीत आहे, तर माउंट न हलवता एक माप लांब स्कीचा विचार करा. मांड्या जळतात आणि नडग्या मोकळ्या राहतात, तर बुटाचा पुढचा कल आणि बाइंडिंगची उंची तपासा. त्यात माउंट पॉइंटचा दोष क्वचितच असतो.

नवी भोकं पाडण्याआधी प्रत्येक स्कीच्या टॉपशीटवर, बाइंडिंगच्या मागे, कायम मार्करने माउंट पॉइंटचं शेपटीपासूनचं अंतर, सोलची लांबी आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या मालकाला आणि पुढच्या तंत्रज्ञाला त्यावरूनच कळेल की कुठलं भोक कधीचं आहे आणि नवं कुठे पाडता येईल.